रंगवलेल्या जखमा

फार पूर्वी सिनेमासाठी छोटी लष्करी वाहनं बनवणाऱ्या एका कारखान्यात वीतभर रणगाडा होता. ब्रशने त्याच्यावर चिखल, गंज आणि गोळ्यांचे ओरखडे रंगवले, तसा तो शेजारच्या पुठ्ठ्याच्या घरावर गुरकावला, "बाजूला हो. लढायांतून आलोय मी. जखमा दिसत नाहीत?"

ब्रश भडकला. "गप बस. सकाळी तू कोरा होतास. तुझी एकेक जखम मी काढलीय."

"असेना. लोक मलाच घाबरणार."

शूटिंगला रणगाडा दोरीने ओढला आणि त्याखाली घर चिरडलं. दिग्दर्शक म्हणाला, "पुन्हा घेऊ. दुसरं घर ठेवा."

धूळ पुसताना ओल्या फडक्याने रणगाड्याचे ओरखडेही गेले. "माझ्या जखमा परत काढ," तो ब्रशवर खेकसला.

केराच्या डब्यातल्या घराकडे बघत ब्रश म्हणाला, "आधी त्याच्या पुसून दाखव."