शेवटचं पान

“विचारा, काहीही विचारा. माझ्याकडं सगळ्याची उत्तरं आहेत,” मठाचे दगडूबुवा म्हणाले. मग दाढी खाजवली. “म्हणजे चौथीपर्यंतची. पाचवीत मास्तरच म्हणाले, तू आपला म्हशी बघ.”

डॉक्टर केतकीबाई हसल्या नाहीत. मठातली पंगत त्यांच्या मागं खोळंबली होती.

“बुवा, जुई या चष्म्यात जेवते. मग इथं का नाही?”

चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायचा डबाच तो. लावला की दवाखान्याच्या खुर्चीत बसल्याबसल्या आत खोटी पंगत दिसायची, माणसांसकट. तीन महिने जुई हातात भाताची वाटी घेऊन त्या पंगतीत बसत होती, भीतभीत चार घास खात होती. एकोणीस वर्षांची पोर. हाडं मोजून घ्यावीत अशी, आणि म्हणायची, मी जाड आहे. या आठवड्यात चारचौघांत जेवली नाही तर पुन्हा भरती, पुन्हा नाकात नळी.

केतकीबाईंनी तिला मोठ्या ऐटीत मठात आणलं होतं. पण मठाचा नियम असा, की शेवटचं पान होईस्तोवर कुणी उठायचं नाही. चाळीस माणसं जेवून, हात वाळवत, जुईच्या भाताकडं बघत बसली होती.

“खा गं बाय,” वाढपी पाचव्यांदा म्हणाला.

जुईचा हात मांडीवरून हलेना.

बुवांनी हळूच विचारलं, “तुमच्या पंगतीतली माणसं काय करतात?”

“जेवतात.”

“हिच्या पानाकडं बघतात?”

“…नाही.”

बुवांनी चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि चाचपडत पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

“वाढा रे. माझं राहिलंय.”

पहिला हात आमटीत. दुसरा शेजारच्या पाटलांच्या मांडीवर. गूळ समजून लिंबाची फोड चावली आणि तोंड असं केलं, की पंगत लोळायचीच बाकी राहिली. पाटील तर डोळे पुसायला लागले.

केतकीबाईही हसल्या. हसताहसता त्यांची नजर जुईकडं गेली.

तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं. तिनं एक घास घेतला… थांबली… दुसरा घेतला.

केतकीबाई लगबगीनं बुवांच्या कानाशी वाकल्या. “बुवा, काढा तो चष्मा. बघा तरी, जेवतेय ती.”

“मी नाही काढत,” बुवा भात शोधत म्हणाले. “तुम्ही बघताय होय तिच्याकडं? तुमचा चष्मा कुठंय?”