परातीतला शिंपला

“आणि डोहात किती ठेवलेस?”

गुरुजींनी एवढंच विचारलं. शाबासकी घ्यायला आलेल्या निरंजनचा चेहरा पडला.

उत्तरेतल्या नद्यांचे काठ पालथे घालून त्याने वर्षानुवर्षं गोगलगाईंचे शंख आणि शिंपले जमवले होते. या खेपेला तर कोणत्याही पुस्तकात नसलेला शिंपला हाती लागला. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण हुशारीला घाई फार. स्टेशनवरून घरीसुद्धा न जाता तो पिशवी घेऊन थेट इथे, गंडकीच्या काठी आला होता. कॉलेजातली प्राणिशास्त्राची नोकरी सुटल्यापासून गुरुजी इथेच एका झोपडीत राहत.

“ठेवायचे कशाला, गुरुजी? तिथल्या नदीवर बंधारा झाला, पाणी आटलं. दुसरीकडे कुठे नाहीतच, सगळी नदी चाळलीय मी. या एकाच डोहात उरले होते. पिल्लांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे काढले.”

“मग?”

“उकळत्या पाण्यात टाकले, मांस काढलं. बघा ना, टरफलं कशी चकाकतायत.”

गुरुजींनी बघितलं नाही.

“नमुना अपुरा नको, हे तुम्हीच शिकवलंत.”

“हो... मीच शिकवलं.”



निरंजनने मग ओल्या फडक्यातून एक शिंपला काढला. मुठीएवढा, घट्ट मिटलेला. “हा तेवढा उकळायचा राहिलाय. ओला असताना रंग खुलतो, म्हणून फोटोसाठी ठेवला. याला तुमचं नाव देणार आहे, गुरुजी.”

गुरुजींनी पितळेच्या परातीत नदीचं पाणी ओतलं आणि शिंपला त्यात ठेवला.

दोघे बघत बसले. चहा निवून गेला.

शिंपल्याची कड किंचित उघडली. आतून जिभेसारखा मऊ, फिकट पाय बाहेर आला. पितळेवर इकडे चाचपला, तिकडे चाचपला. वाळू शोधत होता बिचारा.

“जिवंत आहे!” निरंजन ओरडला. “गुरुजी, जिवंत आहे हा! मी आजच परत जातो. याला डोहात सोडतो.”

“सोड ना.”

निरंजन पिशवी उचलून उठलासुद्धा.

“...तिथे कोण आहे?”

निरंजन उभा होता तिथेच खाली बसला. पिशवीतली टरफलं खळखळली. त्या आवाजाने परातीतला पाय झटकन आत गेला आणि शिंपला मिटला.

निरंजनला रडू आवरेना. असला हुंदका गुरुजींनी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“काय करू मी आता? सांगा ना काहीतरी...”

गुरुजींनी परात उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

“नाव देणार होतास ना? दे. आता त्याला हाक मारायला तुझ्याशिवाय कुणी नाही.”