भिवराचा शाईचा काठ

नदीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. हिवरकुंडची भिवरा दूर शहरात शिकून परतली. तिला वाटलं होतं, नाव किनाऱ्याला लागायच्या आतच मागांची खटखट कानावर येईल. कानावर आलं ते गाठोडी बांधणाऱ्या बायकांचं रडणं. सगळे माग गप्प होते.

त्या कोष्ट्यांच्या गावात रीत होती. वर्षाचं पहिलं लुगडं देवीचं. ते उतरल्याशिवाय दुसऱ्या कुणी मागावरच्या धोट्याला हात लावायचा नाही. जुनं लुगडं दरसाल नदीत सोडत, त्यामुळं नमुना मागं उरत नसे. नव्याच्या काठाची नक्षी फक्त म्हाताऱ्या धोंडाजीला येई, आणि त्याला मूल नव्हतं. त्या वर्षी मागावर ताणा लागला आणि त्याच्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली. एक हात तेवढा हलत होता. घराघरांतला दाणा संपला, तशी माणसं गाव सोडू लागली. भिवराच्या भावानंही बैल जुंपले होते.

"दादा, आजचा दिवस थांब," ती म्हणाली. "तो काठ मी कागदावर उतरवते."

ऐकणारे दचकले. कागद काठ गिळतो, मग तो मागावर पुन्हा उतरत नाही, असं तिथं मानत.

"आली मोठी शिकून!" गावचे म्होरके तात्या कडाडले. "देवीला काय शाई नेसवतेस?"

"नेसवत नाही, तात्या. धागा कुठून कुठं जातो, तेवढं बघते."

"आणि काठ गेला म्हणजे?"

"मग मला नदीत ढकला."

ती धोंडाजीच्या उशाशी बसली. त्याचं बोट घोंगडीवर फिरू लागलं, वरून, खालून, पुन्हा वरून. धागा वर आला की ती जागा कोरी ठेवी. तो बुडाला की बोरूनं बारीक रेघा भरून सावली देई. चुकली की म्हातारा तिच्या मनगटावर चापट मारी. त्याचा श्वास मधेच अडके, तेव्हा दारातली गर्दीही श्वास धरून उभी राही.

असं म्हणतात, ऊन कललं तसे कागदावरचे धागे उचलून आले. नक्षीचा शेवटचा चौक भरला, एक टोक सुटं राहिलं. धोंडाजीनं विणकराच्या सवयीनं ते चिमटीत धरून तोडलं. चिमटीत खरंच काळा धागा आला. तो हसला आणि त्यानं डोळे मिटले, ते कायमचे.

तात्यांनी कागद हिसकला आणि रागानं पाण्याच्या घंगाळात बुडवला. पण जन्म सुतात गेलेला माणूस! बाहेर काढताच त्यांच्या हातांनी तो आपोआप पिळला. असं म्हणतात, पाणी स्वच्छ निथळलं आणि कागद फाटला नाही. तात्यांनी तो दोन्ही हातांनी भिवराला परत दिला. भावानं बैल सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद समोर ठेवून देवीच्या मागावर दुसरा विणकर बसला. तात्या म्हणाले, "पोरी, हा कागद कुलपात ठेव. आता काठ तुझ्या घराचा."

"नको तात्या," भिवरा म्हणाली. "एका माणसाबरोबर सगळं गाव निघालं होतं. आजपासून हा काठ घरोघर काढायचा."

अजूनही हिवरकुंडात नवी सून आली की तिला आधी बोरू देतात आणि काठाचा एक चौक काढायला लावतात. त्याला तिथं 'भिवराला बसणं' म्हणतात. तो चौक भरेपर्यंत सासूसुद्धा तिला हाक मारत नाही.