सोवळ्याचं सातवं भोक

"मग हे भोक काय आपोआप पडलं?"

त्र्यंबकशास्त्र्यांनी सोवळ्याचं धोतर चिदंबरबुवांच्या तोंडासमोर धरलं. करंगळी जाईल एवढं भोक होतं. महिन्याभरातलं सातवं.

शास्त्री मठात बुवांकडे शिकायला आले होते. बारा वर्षं काशीत काढलेली, विद्वत्ता दांडगी, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. आज तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"उंदीर असेल," बुवा म्हणाले.

"एवढ्या उंच दांडीवर? उंदीर नाही आणि कसरही लागलेली नाही. हे हैबतीचं काम आहे."

हैबती मठाचं अंगण झाडायचा. तीस वर्षं झाडत होता. त्याची सावलीसुद्धा सोवळ्यावर पडता कामा नये, असा शास्त्र्यांनी आल्याआल्या दंडक घातला होता. बुवा त्यावर काही बोलले नव्हते.

"डूख धरून भोकं पाडतोय. सकाळीच त्याला गाठोडं बांधायला सांगितलंय. आता तो राहील, नाहीतर मी."

बुवांनी मान वर करून दांडीकडे पाहिलं.

"आजचं धोतर वाळत घातलंस?"

"अजून नाही."

"घाल. मी बघतो."

बघण्यासारखं त्यात काय आहे, शास्त्र्यांना कळेना. चरफडतच त्यांनी धोतर धुतलं, पिळलं. फाटकाशी गाठोडं घेऊन हैबती उभा होता. त्याच्याकडे एकदा डोळे वटारून पाहिलं.

मग नेहमीची वेळूची काठी घेतली. कुणाचा हात लागू नये म्हणून दांडी उंच, आणि दांडी उंच म्हणून काठी. टोकावर ओलं धोतर घेतलं, डोळे मिटले आणि स्तोत्र पुटपुटत वर ढकललं. काठी मागे येईना. त्यांनी रागाने हिसडा दिला.

टर्र...

डोळे उघडले तेव्हा धोतरातून आभाळ दिसत होतं. काठीचं टोक पावसात पिंजलं होतं. त्यातून सुईसारखी बोटभर कूस वर आली होती आणि तिच्यावर पांढरा धागा लोंबत होता.

शास्त्र्यांचे कान तापले. चूक कळली होती, पण राग एकदा चढला की उतरायला वाट मागतो.

"काठीच खराब निघाली. तासून घेतो."

बुवा फाटकाकडे वळले. "हैबती, गाठोडं सोड. तुझ्यावरचा आळ गेला."

हैबती जागचा हलला नाही.

"आळ गेला, बुवा. पर सात भोकं पडली, तवर मला एकानंबी इचारलं न्हाई, हैबती, तू केलंस का म्हनून." त्याचा आवाज चढला नव्हता. "ह्यांचं जाऊ द्या. ह्ये कालचं. तीस वर्सं तुमच्या दारात हाय मी. तुमीबी न्हाई इचारलं."





हैबतीने गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि मागे न बघता तो चालू लागला.

बुवा ओटीवरून उतरले. भिंतीशी टेकवलेला हैबतीचा खराटा त्यांनी उचलला आणि अंगण झाडायला लागले. वाकताना त्यांना त्रास होत होता. राग दिसत होता तो खराट्याच्या फटकाऱ्यांत. कुणावरचा राग, ते शास्त्र्यांना कळत नव्हतं.

शास्त्री काठी घेऊन तसेच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते समजत नव्हतं. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"बुवा... आता मी काय करू?"

बुवांनी मान वर केली नाही.

"त्याला न शिवता परत आणायचं असेल, तर काठी आणखी लांब करून घे. एव्हाना तो वेशीपाशी पोचला असेल."