तांब्याची चकती

एक होता टेम्पो. त्याच्या पोटात एक घर नांदत होतं. म्हातारी इंजिन, तिचा लेक लोखंडी बोल्ट आणि सून तांब्याची चकती. गाडीवाले तिला वायसर म्हणत. म्हातारीचं तेल सांडू नये म्हणून बोल्ट तळाचं दार लावून उभा राही, आणि दाराची फट चकती आपलं मऊ अंग चेपून बुजवी.

तेल बदलायचा दिवस आला. बोल्ट काढला, काळं तेल वाहून गेलं. बकुळामावशी मेस्त्रिणीनं चकती बोटावर घेतली. "चेपलीस गं बाई. आता नवी घालायला हवी."

बोल्ट कळवळला, "मावशी, हिलाच उलटी करून बसवा की! हिच्यावाचून मी नाही राहायचा."

मावशीला दया आली. तिनं तसंच केलं, नवं तेल ओतलं. जरा वेळानं टप्. पुन्हा टप्.

"सूनबाई, जीव चालला गं माझा," म्हातारी कण्हली.

"मी आणखी आवळतो," बोल्ट म्हणाला.

"नका हो," चकती म्हणाली. "माझं चेपायचं ते चेपून झालं. आणखी आवळाल तर तुमचेच आटे जातील, मग घरच बुडेल. मला सोडा."

मावशीनं डोळे पुसत तेल भांड्यात उतरवलं, नवी चकती घातली आणि तेल परत ओतलं. जुनी तिच्या हातातून निसटून टेम्पोखाली मातीत पडली. बोल्टनं नवीकडे पाहिलं नाही, पण तिला घट्ट धरलं. जुनी दिवेलागणीपर्यंत वर बघत राहिली. तिच्या अंगावर तेलाचा एकही थेंब पडला नाही.

सकाळी म्हातारी खुशीत हुंकारली, टेम्पो निघून गेला. कोरड्या मातीत चकती एकटीच उरली. तिचं घर मात्र भरलेलं राहिलं.