माशीच्या पोटातली कात्री

"मग जाळू ना, बाबा?"

हेरंबच्या हातात काडीपेटी होती. समोर जांभळीखाली शेवटची मधपेटी. अळ्यांना विषाणूचा रोग दिसत गेला, तशा त्याने बावीस पेट्या एकेक करून जाळल्या होत्या. या रोगाला औषध नाही, हे तो विद्यापीठात शिकून आला होता. शिकून आल्याचं त्याच्या बोलण्यात जरा जास्तच दिसे.

रानूबाबा जावळीच्या रानातले जुने मधपाळ. त्यांनी पेटीला कान लावला.

"ही कवा आजारी पडली?"

"सगळ्यात आधी. पण तुम्ही दिलेली ही एकच पेटी... हात धजावला नाही."

"आन् अजून हाय."

"आहे आपली कशीतरी."

बाबांनी पेटीवरचा कान काढला.

"परवा काय सांगत हुतास? माशीच्या पोटात कात्री असती म्हनून?"

ज्ञान सांगायला हेरंबला कधी आळस नसे. "विषाणू म्हणजे एक लांबलचक मजकूर, बाबा. माशीच्या शरीरात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. माशी त्याचे बारीक तुकडे करते. आरएनएचे तुकडे."

"आन् दिती फेकून?"

"छे! जपते. तसाच मजकूर पुन्हा दिसला, की तुकड्याशी जुळवते आणि तोही कापते."

बाबांनी त्याच्या काखेतल्या नोंदवहीतलं वरचं पान ओढलं. 'पेटी तेवीस. रोगी. नष्ट करणे.' टराटरा फाडलं आणि बोटभर चिठोरा त्याच्या तळहातावर ठेवला.

"अहो बाबा, नोंद होती ती!"

"वळख."

चिठोऱ्यावर दोनच अक्षरं होती.

"यात ओळखायचं काय? तेविसाव्या पेटीचं पान."

"येवढ्याशावरनं?"

"एवढंसं पुरतं, बाबा."

बोलता बोलता त्याची नजर पेटीकडे वळली.

पेटीच्या दारातून दोन माश्यांनी एक मेलेली अळी ओढत बाहेर आणली, खाली टाकली आणि लगबगीने आत गेल्या. त्यांच्यामागून पायांना पिवळा पराग लावलेली तिसरी उतरली. बावीस पेट्या जाळताना हेरंब रडला नव्हता. आता त्याचे डोळे भरून आले.

"त्या बावीसमध्येही एखादी अशी, रोग ओळखायला शिकलेली असेल, बाबा..."

"असंल."

"आणि ही? ही जगेल?"

बाबांनी हात पुढे केला.

"काडीपेटी दे हिकडं. चुलीवर चहा ठिवतो."