केंद्ररावांची खुर्ची

फार वर्षांपूर्वी एका जाडजूड शब्दकोशात शब्दांची सभा भरली. अगदी मधोमध, अध्यक्षांच्या खुर्चीत, 'केंद्र' हा शब्द ऐटीत बसला होता. सगळे त्याला केंद्रराव म्हणत.

"परदेशातून आलेल्या शब्दांनी आजच हा कोश सोडावा," केंद्ररावांनी फर्मावलं. बिचारं टेबल गाठोडं बांधू लागलं.

तेवढ्यात पानं कुरतडणारी म्हातारी कसर फिसकन हसली. "केंद्रराव, तुमचं मूळ मी कालच चाखलं. चव थेट ग्रीसची हो! तिकडच्या ज्योतिषाचं बोट धरून आलात इथं. विसरलात वाटतं?"

केंद्ररावांनी घसा खाकरला, मग हळूच उठून ते टेबलापाशी गेले.

"ते गाठोडं सोड बाबा," ते पुटपुटले, "आणि जरा सरक. मलाही कडेला बसू दे."